संत कॅथरीनाचा दिवस आणि अल्बुकर्क



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. याच महिन्याच्या २५ तारखेला अलेक्झांड्रियाची संत कॅथरीना हिचा सण येतो. आपल्या धर्मग्रामात या सणाची फारशी चर्चा होत नाही. गोव्यात मात्र या संतेचे नाव फार मोठे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन झाले, तेव्हा आपल्यापैकी जी कुटुंबे जुन्या गोव्याला जाऊन आली त्यांनी ते पांढरे, एकाच मनोऱ्याचे भव्य कॅथेड्रल पाहिलेच असेल. ते संत कॅथरीनाच्या नावाने बांधलेले आहे. तिथून पश्चिमेला थोडे चालत गेले की तिच्याच नावाचे एक लहान चॅपल लागते. गर्दीतले बहुतेक लोक तिकडे वळत नाहीत. खरे म्हणजे सगळ्याची सुरुवात त्या चॅपलापासून आहे.

गोव्याने या संतेला का निवडले? उत्तर साधे आहे. १५१० साली २५ नोव्हेंबरला, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनापती अफोंसो द अल्बुकर्क याने आदिलशाही फौजेकडून गोवा जिंकून घेतला. आज आम्ही या माणसाचे चरित्र सांगणार आहोत. तो संत नव्हे. मग धर्मग्रामाच्या पत्रकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्या तरुण मुलामुलींना कॉलेजच्या कट्ट्यावर आणि आता मोबाइलवरही एक प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो. तुमचा धर्म इथे तलवारीने आला ना, असा तो प्रश्न. मुले घरी येऊन आईवडिलांना विचारतात, आईवडील आमच्याकडे पाठवतात. तेव्हा ज्याच्या हातात खरोखरच तलवार होती त्याची गोष्ट आपण नीट जाणून घेतलेली बरी.

शाळेच्या पुस्तकात आपण स्पेनच्या कोर्तेस आणि पिझारो यांची नावे वाचली आहेत. एकाने मेक्सिको जिंकला, दुसऱ्याने पेरू. स्पेनच्या भाषेत अशा शिपायांना कॉन्किस्तादोर, म्हणजे जिंकून घेणारे, असे म्हणतात. अल्बुकर्क हा त्यांचा पोर्तुगीज भाऊबंद, आणि वयाने व कामाने त्यांच्या आधीचा. कोर्तेस १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा अल्बुकर्कला जाऊन तीन वर्षे उलटून गेली होती. १४९४ च्या तोर्देसियासच्या करारात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्रावर एक रेघ ओढून नव्याने सापडणारे जग आपसात वाटून घेतले होते. पश्चिमेचा वाटा स्पेनला मिळाला आणि पूर्वेचा पोर्तुगालला. आपला देश त्यांच्या हिशेबात पोर्तुगालच्या बाजूला पडला. अर्थात आपल्याला कोणी विचारले नव्हते.

अल्बुकर्कचा जन्म १४५३ च्या सुमारास लिस्बनजवळ आल्यान्द्रा या गावी झाला. घराणे सरदारांचे, पण हा धाकटा मुलगा. वाढला राजदरबारात. तिथे लॅटिन, गणित आणि घोडेस्वारी शिकला आणि मग वर्षानुवर्षे उत्तर आफ्रिकेत मोरोक्कोच्या मुसलमान सत्तांशी लढला. १४७६ मध्ये स्पेनच्या कास्तीलविरुद्ध तोरोच्या लढाईतही तो होता. राजा दुसरा जुआंव याच्या पदरी तो अश्वशाळेचा प्रमुख झाला. लग्न केले नाही. एक मुलगा झाला, तो विवाहाबाहेरचा. पन्नाशीपर्यंत त्याचे नाव दरबाराबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्या काळी पन्नाशी म्हणजे म्हातारपण. जगाच्या इतिहासात त्याचे नाव घेतले जाते ते पुढच्या बारा वर्षांमुळे.

त्या आफ्रिकेतल्या वर्षांचा त्याच्यावर खोल ठसा होता हे ध्यानात ठेवले पाहिजे. तो संत याकोबाच्या शूरसंघाचा सरदार होता. हा संघ मुसलमानांशी युद्ध करण्यासाठीच स्पेन व पोर्तुगालमध्ये उभा राहिला होता. मासे पकडणाऱ्या याकोबाच्या हातात तलवार देऊन त्याला घोड्यावर बसवणे हे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातले एक विचित्र प्रकरण आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू. अल्बुकर्कच्या मनात धर्म आणि युद्ध हे दोन शब्द लहानपणापासून एकत्रच शिवलेले होते, एवढे इथे पुरे.

१५०३ मध्ये तो पहिल्यांदा हिंदुस्थानात आला. कोचीनच्या राजाला त्याने गादीवर पुन्हा बसवले, तिथे किल्ला बांधला आणि परत गेला. १५०६ मध्ये तो पुन्हा निघाला, तो कायमचाच. या वेळी राजा मानुएलने त्याला एक गुप्त आज्ञापत्र दिले होते. व्हाइसरॉय आल्मेदा याची मुदत संपली की कारभार अल्बुकर्कने हाती घ्यायचा. वाटेत त्याने ओमानच्या किनाऱ्यावरची बंदरे एकामागून एक लुटली आणि जाळली. मस्कत त्यातच गेले. कैद्यांची नाके-कान कापून त्यांना सोडून देण्याची त्याची रीत होती. पुढच्या बंदराने घाबरून दारे उघडावीत हा हेतू. १५०७ मध्ये अवघी सहा-सात जहाजे आणि पाचशेच्या आत माणसे घेऊन त्याने इराणच्या आखाताच्या तोंडावरचे श्रीमंत होर्मुझ नमवले. तिथे किल्ला बांधायला सुरुवात केली आणि आपल्या सरदारांनाही दगड वाहायला लावले. सरदार चिडले. लूट सोडून गवंडीकाम कोण करणार? तीन कप्तान आपली जहाजे घेऊन चक्क निघून गेले आणि आल्मेदाकडे जाऊन त्याच्याविरुद्ध कागाळ्या केल्या. होर्मुझ सोडावे लागले. ते परत घेईपर्यंत दाढी कापणार नाही असा पण त्याने केला होता म्हणतात. चित्रांत त्याची दाढी कमरेपर्यंत दिसते ती त्यामुळे.

१५०८ च्या डिसेंबरात तो कण्णूरला पोहोचला आणि आज्ञापत्र पुढे केले. आल्मेदा ऐकेना. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या चौलच्या खाडीत, आजच्या रायगड जिल्ह्यात, इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांशी झालेल्या लढाईत आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला होता. बापाला सूड हवा होता. त्याने वाटेत कोकणातले दाभोळ जाळून बेचिराख केले, १५०९ च्या फेब्रुवारीत दीवजवळ शत्रूचे आरमार बुडवले, आणि परत येऊन अल्बुकर्कलाच कण्णूरच्या किल्ल्यात अटकेत टाकले. लिस्बनहून मोठे आरमार आले तेव्हा त्याची सुटका झाली. १५०९ च्या नोव्हेंबरात तो हिंदुस्थानातल्या पोर्तुगीजांचा गव्हर्नर झाला. दोन महिन्यांनी कालिकतवरच्या हल्ल्यात तो स्वतः गंभीर जखमी झाला.

त्याची योजना काय होती ते समजून घेण्यासारखे आहे. पोर्तुगाल हा लहान देश. माणसे थोडी, जहाजे थोडी. एवढा मोठा समुद्र ताब्यात ठेवायचा कसा? अल्बुकर्कच्या लक्षात आले की सगळा समुद्र राखायची गरजच नाही, त्याच्या चार दारांवर पहारा बसवला की झाले. इराणच्या आखाताच्या दारावर होर्मुझ, तांबड्या समुद्राच्या दारावर एडन, चीनकडच्या वाटेवर मलाक्का, आणि या सगळ्यांच्या मध्ये जहाजे दुरुस्त करायला व माणसे ठेवायला स्वतःचे एक गाव. बाकीच्या व्यापाऱ्यांनी पोर्तुगीजांचा परवाना घ्यायचा, नाहीतर जहाज जप्त. ते मधले गाव म्हणजे गोवा. अरबस्तान आणि इराणहून येणारे लढाऊ घोडे गोव्याला उतरत. विजयनगरला घोडे हवे होते, विजापूरलाही हवे होते. ज्याच्या हाती गोवा त्याच्या दारात दोघेही उभे.

गोव्याची कल्पना मुळात त्याची नव्हती. होन्नावरचा तिमोजा हा हिंदू सागरी सरदार त्याला भेटला. युसुफ आदिलशहा नुकताच वारला आहे, त्याचा मुलगा इस्माईल लहान आहे, गोव्यातले हिंदू करांना कंटाळले आहेत, हीच वेळ आहे, असे त्याने पटवून दिले. १५१० च्या फेब्रुवारीत गोवा जवळजवळ न लढता हाती आला. पण मे महिन्यात आदिलशाही फौज चालून आली आणि पोर्तुगीजांना आपल्या जहाजांवर पळावे लागले. आता खरी गंमत, किंवा खरे हाल. पावसाळा सुरू झाला होता, मांडवीच्या मुखाशी समुद्र खवळलेला, बाहेर पडता येईना. दोन्ही काठांवर शत्रूच्या तोफा. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत ते आरमार नदीतच अडकून पडले. पुलगावच्या डेपोतून निवृत्त झालेली जी मंडळी आपल्यात आहेत त्यांना हे वाचून पहिला प्रश्न पडेल, तो शिध्याचा. शिधा संपला होता. माणसांनी उंदीर खाल्ले, पेट्यांवरचे कातडे उकळून खाल्ले. अल्बुकर्कचा लाडका पुतण्या तिथेच जखमेने गेला. जहाजावर कैदेत असलेल्या मुसलमान स्त्रियांकडे चोरून जातो म्हणून रुय दियास नावाच्या एका तरुण सरदाराला त्याने फाशी दिली. त्यावरून इतर सरदार बंड करून उठले, पण तो बधला नाही. पुढे पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याने आपल्या महाकाव्यात अल्बुकर्कचे गुण गाताना नेमका या फाशीचा दोष त्याच्या पदरात टाकला आहे.

नोव्हेंबरात तो परत आला. पंधराशेच्या आसपास पोर्तुगीज आणि तिमोजाचे लोक बरोबर होते. २५ तारखेला सकाळी चढाई झाली आणि काही तासांत शहर पडले. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही लढाईची असते. पण लढाई संपल्यावर अल्बुकर्कने आपल्या माणसांना आज्ञा दिली की शहरातला एकही मुसलमान जिवंत ठेवायचा नाही. पुरुष, बायका, मुले. चार दिवस कत्तल चालली. एका मशिदीत लोकांना कोंडून ती पेटवून दिली. शेतकरी आणि ब्राह्मण यांना हात लावू नये असा हुकूम होता. हे सगळे आम्ही त्याच्या शत्रूंच्या बखरीतून सांगत नाही. अल्बुकर्कने स्वतः २२ डिसेंबर १५१० ला राजाला लिहिलेल्या पत्रात हे आहे, आणि मेलेल्यांचा आकडाही आहे: सुमारे सहा हजार. त्या पत्रात खेद नाही. मोठे काम पार पडल्याचे समाधान आहे, आणि देवाचे आभार.

मग त्याने संत कॅथरीनाचे चॅपल बांधले.

आम्हाला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकावे लागले तेव्हा दरवर्षी २५ नोव्हेंबरला संत कॅथरीनाची प्रार्थना होत असे, कारण ती तत्त्वज्ञांची आश्रयदाती मानली जाते. परंपरा सांगते की रोमन सम्राटाने तिला हरवण्यासाठी पन्नास विद्वान बोलावले आणि त्या मुलीने त्या पन्नासांना केवळ युक्तिवादाने जिंकले. तिने कोणावर हात उगारला नाही. उलट सम्राटाच्या तलवारीने तीच मेली. तलवारीखाली मान देणाऱ्या रक्तसाक्षीचे नाव तलवार चालवणाऱ्याने आपल्या विजयाला दिले, यातली विसंगती अल्बुकर्कला दिसली नाही. त्याच्या बरोबरच्या धर्मगुरूंना दिसली का, हा प्रश्न आम्हाला अधिक टोचतो.

काळच तसा होता, असे म्हणून पुष्कळजण हा विषय मिटवतात. ते म्हणणे टिकत नाही. गोव्याच्या कत्तलीनंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, २१ डिसेंबर १५११ ला, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावर आंतोनियो मोंतेसिनोस नावाचा एक डॉमिनिकन धर्मगुरू प्रवचनाला उभा राहिला. समोर स्पेनचे शिपाई आणि जमीनदार बसले होते. बेटावरच्या मूळ रहिवाशांना तुम्ही कोणत्या हक्काने मारता, ती माणसे नाहीत काय, असे त्याने त्यांना भर मिस्सामध्ये विचारले. लोक भडकले, तक्रारी राजापर्यंत गेल्या, पण पुढच्या रविवारी तो माघार घेण्याऐवजी तेच पुन्हा बोलला. बार्तोलोमे द लास कासास हा त्या काळी स्वतः त्या जमीनदारांपैकी एक. तीन वर्षांनी त्याने आपली माणसे आणि जमीन सोडून दिली आणि उरलेले आयुष्य त्या लोकांची बाजू मांडण्यात घालवले. तेच शतक, तोच धर्म, तशीच माणसे. तेव्हा काळाला सगळा दोष देऊन चालणार नाही.

आमचा त्याच्याशी संबंध नाही, हे दुसरे सोपे उत्तर. विदर्भापुरते ते खरेही आहे. पोर्तुगीज वर्ध्याच्या आसपास कधी फिरकले नाहीत. आपल्याकडे शुभवर्तमान आणले ते सॅव्हॉय प्रांतातल्या आनसी गावाच्या संत फ्रान्सिस द सेल्स संघाच्या मिशनऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकात. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा. या मंडळींजवळ ना तोफा होत्या, ना आरमार. मुलांनी हे जरूर सांगावे. पण एवढ्यावर थांबता येत नाही. झेवियर यांचे अवशेष ज्या गावात आपण पाहून आलो ते गाव अल्बुकर्कने घेतले होते. झेवियर १५४२ मध्ये ज्या बंदरात उतरले ते त्याच्या तलवारीने मिळालेले. चांगल्याचा वारसा सांगायचा आणि वाईटाचा नाही, असे कुटुंबातही चालत नाही.

पुढची गोष्ट गुंतागुंतीची आहे, कारण तोच अल्बुकर्क कारभार करायला बसला तेव्हा वेगळा दिसतो. शेतकऱ्यांवरचे कर त्याने आदिलशाहीपूर्वीच्या पातळीवर आणले. गावकऱ्यांच्या संस्था आणि रीतिरिवाज तसेच ठेवले. हिंदूंचा कारभार आधी तिमोजाकडे सोपवला. सती जाण्यावर मात्र बंदी घातली. लॉर्ड बेंटिंकचा कायदा त्यानंतर तीनशे एकोणीस वर्षांनी झाला. रुग्णालय काढले, टांकसाळ काढली. लाच त्याला कधी चिकटली नाही, आणि हे त्या काळच्या हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज अंमलदारांविषयी फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येते. गल्लीत घोड्यावरून जाताना कोणी अडवले तर तो तिथेच फिर्याद ऐकून निवाडा द्यायचा. गास्पार कोरेया नावाचा तरुण त्याचा लेखनिक होता, त्याने पुढे या सगळ्याचा मोठा इतिहास लिहिला. देवळे पाडण्याचे पर्व १५४० नंतरचे आणि इन्क्विझिशन १५६० चे. ते दोन्ही अल्बुकर्कच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याचे स्वतःचे ओझे त्याला पुरेसे आहे.

त्याच्या एका कामाचे कौतुक पुष्कळ पुस्तकांत आढळते. आपल्या शिपायांनी इथेच घरे करावीत म्हणून त्याने स्थानिक स्त्रियांशी त्यांची लग्ने लावली, जमीन आणि पैसा दिला. वंशाचा भेद न मानणारा दूरदर्शी राज्यकर्ता असे त्याला म्हणतात. पण या नवऱ्या कोण होत्या? पुष्कळशा त्या चार दिवसांत मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि मुली. त्यांना स्नानसंस्कार देऊन वेदीपुढे उभे केले गेले. आपल्या चर्चमध्ये विवाह लावताना आम्ही वराला आणि वधूला वेगवेगळे विचारतो, आणि कोणी दबावाखाली आहे अशी शंका आली तर लग्न थांबवतो. संमतीशिवाय हा संस्कार होतच नाही. ज्यांनी बाप आणि नवरा आठवड्यापूर्वी गमावला त्यांना कोणी काय विचारले असेल आणि त्यांनी काय उत्तर दिले असेल, हे कोणाच्या बखरीत नाही. त्यांची नावेही आपल्यापर्यंत आली नाहीत.

१५११ मध्ये तो मलाक्काला गेला. पहिला हल्ला संत याकोबाच्या सणाच्या दिवशी, २५ जुलैला केला, आणि ऑगस्टमध्ये ते श्रीमंत बंदर घेतले. त्याच्या हाताखालच्या लोकांत फेर्नांव मागाल्यांइश हा तरुण होता. त्यालाच आपण मॅगेलन म्हणून ओळखतो. तो पुढे पोर्तुगालवर रुसून स्पेनच्या नोकरीत गेला, पश्चिमेच्या वाटेने निघाला आणि १५२१ मध्ये फिलिपाइन्समध्ये मारला गेला. परतीच्या वाटेवर लुटीने भरलेले अल्बुकर्कचे जहाज सुमात्राजवळ फुटले. सगळी संपत्ती तळाला गेली, तो कसाबसा वाचला.

गोव्यात परत येतो तो आदिलशाही फौजेने पुन्हा वेढा घातलेला. १५१२ च्या शेवटी बाणस्तारीचा किल्ला त्याने घेतला. त्या किल्ल्यात काही पोर्तुगीज शिपाई होते. ते पळून जाऊन आदिलशाहीच्या चाकरीत शिरले होते, काहींनी धर्मही बदलला होता. त्यांना जिवे मारणार नाही या अटीवर किल्लेदाराने ते परत दिले. अल्बुकर्कने शब्द पाळला. जिवे मारले नाही. नाके कापली, कान कापले, उजवे हात आणि डाव्या हातांचे अंगठे तोडले. त्यांतला एक फेर्नांव लोपेश. अल्बुकर्कच्या मृत्यूनंतर तो पोर्तुगालला जायला निघाला, पण वाटेत अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना या निर्जन बेटावर जहाज पाण्यासाठी थांबले तेव्हा उतरून लपून बसला. असे तोंड घेऊन गावात कसे जायचे? तिथे तो एकटाच राहिला. सोबतीला एक कोंबडा होता असे सांगतात. एकाच हाताने, तोही अंगठा नसलेला, त्याने झाडे लावली. पुढे त्याला पोर्तुगालला नेण्यात आले. राजाने विचारले काय हवे, तर त्याने रोमला जाऊ द्या म्हटले. पोपमहाशयांपुढे त्याने पापनिवेदन केले, पापक्षमा मिळाली, आणि मग पुन्हा त्याच बेटावर परत जायची परवानगी मागितली. १५४५ मध्ये तो तिथेच वारला. या सगळ्या चरित्रात प्रायश्चित्त कोणी केले असेल तर ते या माणसाने.

१५१३ मध्ये पास्कासणाच्या आदल्या दिवशी अल्बुकर्कने एडनच्या तटाला शिड्या लावल्या. माणसांच्या वजनाने त्या मोडल्या आणि हल्ला फसला. चार दारांपैकी हे एकच त्याच्या हाती आले नाही. नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्त वाळवायचा आणि मग जेरुसलेम परत घ्यायचे, अशाही योजना तो आखत होता. साठीच्या माणसाची ही स्वप्ने! मधल्या काळात गुजरातच्या सुलतानाने त्याला एक जिवंत गेंडा भेट पाठवला. तो त्याने राजाकडे रवाना केला. लिस्बनमध्ये त्याचे इतके कौतुक झाले की जर्मन चित्रकार ड्यूररने न पाहताच त्याचे चित्र काढले. बिचारा गेंडा पुढे पोपमहाशयांकडे जाताना समुद्रात बुडाला. आपल्या घरातल्या लहानांना मात्र अल्बुकर्कची ओळख करून द्यायची तर हापूस आंबा पुरेल. हापूस हे नाव अफोंसो या पोर्तुगीज नावावरून आले, आणि तो अफोंसो हाच असे मानतात.

१५१५ मध्ये त्याने होर्मुझ परत घेतले आणि किल्ला पुरा केला. तिथेच तो आजारी पडला. नोव्हेंबरात गोव्याला निघाला. वाटेत समुद्रावरच बातमी कळली की राजाने त्याला काढून टाकले आहे आणि त्याच्या जागी नेमलेला माणूस, लोपो सोआरेश, त्याच्या जुन्या वैऱ्यांपैकी आहे. बारा वर्षांची चाकरी दरबारातल्या कागाळ्यांपुढे टिकली नाही. ६ डिसेंबरला त्याने राजाला शेवटचे पत्र लिहिले. त्यात स्वतःसाठी काही मागितले नाही, मुलाला सांभाळा एवढेच म्हटले. १६ डिसेंबर १५१५, रविवार. गोव्याच्या किनाऱ्याचे दिवे दिसू लागले होते. पहाटे, जहाजावरच, त्याने प्राण सोडला. त्याने आयुष्यभर एवढे सोने हाताळले, पण मागे काही ठेवले नाही. राजाने चूक उमगून त्याला पुन्हा अधिकार देणारे पत्र धाडले, ते पोहोचले तेव्हा त्याला पुरून महिने झाले होते.

संत याकोबाच्या संघाचा झगा घालून त्याला त्यानेच बांधलेल्या डोंगरमातेच्या देवळात पुरले. नंतरचे गव्हर्नर इतके लोभी निघाले की गोव्यातले लोक, हिंदू आणि मुसलमानसुद्धा, फुले आणि दिव्याला तेल घेऊन त्याच्या थडग्याशी गाऱ्हाणे सांगायला जात, असे जुने लेखक लिहितात. मुसलमानसुद्धा, हे वाचून आम्ही थबकलो. बहुधा १५१० नंतर तिथे येऊन राहिलेले असावेत. १५६६ मध्ये त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या. त्याचा एक पुतळा आता संत फ्रान्सिस असिसीच्या मठातल्या संग्रहालयात आहे. संत कॅथरीनाच्या चॅपलापासून तो अगदी जवळ. पुन्हा गेलात तर दोन्ही पाहून या.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, सत्याच्या सेवेसाठी म्हणून ख्रिस्ती लोकांनी ज्या हिंसेचा आधार घेतला तिच्याबद्दल संत पेत्राच्या महामंदिरात देवाजवळ जाहीर क्षमा मागितली. गोव्याचे नाव त्यांनी घेतले नव्हते. आम्ही ते घेणार आहोत. येत्या २५ तारखेची सायंकाळची पवित्र मिस्सा संत कॅथरीनाच्या सणाची आहे. सार्वजनिक प्रार्थनांच्या वेळी १५१० साली त्या दिवशी आणि पुढच्या तीन दिवसांत गोव्यात मारल्या गेलेल्या लोकांचे स्मरण होईल, आणि अफोंसो द अल्बुकर्क याचेही. ज्यांना मृतांसाठी आपल्या घरच्यांची नावे द्यायची आहेत त्यांनी ती नेहमीप्रमाणे सॅक्रिस्टीत द्यावीत.